जागरण आणि जागेपण

दम्याच्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. मी हुमनाबादचा रहिवासी. दमा जडला त्यास वीस वर्षे होऊन गेली. दिवसा माझे दुखणे कोणास फारसे कळतही नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास मात्र छाती भरून येते आणि लोडाला टेकून बसावे लागते.

सर जॉन फ्लॉयर हा इंग्रज वैद्य स्वतः दमेकरी होता. दम्याचा झटका बहुधा रात्री, झोपेतून उठवून येतो, हे त्याने १६९८ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. शरीरातील घड्याळामुळे पहाटे श्वासनलिका दिवसापेक्षा अरुंद होतात, हे आता ठाऊक झाले आहे. म्हणून पहिले उत्तर असे, की दम्याने वारंवार जाग येत असेल तर दमा आटोक्यात नाही. ते डॉक्टरांना सांगावे आणि रोजचा म्हणून दिलेला पंप बरे वाटत असतानाही नेमाने घ्यावा. शेजाऱ्याने सुचविलेली झोपेची गोळी तर घेऊच नये. काही गोळ्यांनी श्वास मंदावतो.

दुसरे उत्तर अधिक चमत्कारिक आहे. दम निवळतो, पण जागेपण उरते. इतक्या रात्री अंथरुणावर बसून काढलेल्या असतात, की अंथरूण पाहताच मन पहारा देऊ लागते.

आमच्या गावाला लागूनच माणिकनगर आहे. श्रीमाणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) या स्थानी मार्गशीर्षात दत्तजयंतीचा उत्सव होतो, रात्री गाणे रंगते. तेथे जागलेली मंडळी सकाळी तक्रार करीत नाहीत. ते हौसेचे जागरण. आमचे हे धास्तीचे जागेपण. थकविते ती धास्तीच अधिक.

या धास्तीवर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली एक साधी रीत सांगितली. झोप आली तरच आडवे व्हावे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे. पेंग आली की परतावे. रात्र कशीही जावो, सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. अशा उपायांवर आधारलेले उपचार गोळ्यांच्या आधी करावेत, असे अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली सांगितले.

मी माजघरात मंद दिवा, शाल आणि आरामखुर्ची ठेवली. पहिले दोन आठवडे जड गेले. पूर्वी मी जरा हललो, की आमची मंडळी दचकून उठत. पहिल्या रात्री त्यांनी विचारले, "अहो, पुन्हा दम लागला का?" मी म्हटले, "नाही, नुसता जागा आहे. तुम्ही निजा." त्या निजल्या. वीस वर्षे माझ्याबरोबर त्यांचीही झोप मोडत होती. ती त्यांना परत मिळाली, हा या रीतीचा मोठा लाभ.

जाग अजूनही येते. आता तिचे भय वाटत नाही. यंदा दत्तजयंतीला तासभर गाणे ऐकून यावे असा विचार आहे. गळ्याला मफलर, खिशात पंप आणि सकाळी उठण्याची वेळ तीच.