इंडक्शन घ्यायचंय? आधी भिंतीवरचा बोर्ड बघा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. माझे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात अंबाजोगाईहून आईचा फोन आला. सिलिंडर संपला, दुसरा वेळेवर आला नाही, म्हणून घरी इंडक्शन घ्यायचं ठरलं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्यातून किरणं निघतात, कॅन्सर होतो." मामांनी लगेच व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. आई म्हणाली, "तू इंजिनिअर ना, सांग आता." मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं.

तर आधी किरणांचं बघू. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. घरातली लाइट ५० हर्ट्झची. इंडक्शन ती साधारण २० हजार ते १ लाख हर्ट्झपर्यंत वाढवून त्या वेटोळ्यातून सोडतं. त्याने बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखा फिरणारा करंट निर्माण होतो. त्यानेच भांडं तापतं. मायक्रोवेव्ह चालतो सुमारे २४५ कोटी हर्ट्झवर, आणि एक्स-रे त्याच्याही कितीतरी वर. पेशीतले रेणू तोडण्याइतकी ताकद इंडक्शनच्या क्षेत्रात नसते. शिवाय अंतर वाढलं की ते झपाट्याने कमी होतं. स्वित्झर्लंडचं आरोग्य खातं एवढंच सुचवतं, की शेगडीपासून ५ ते १० सेंटिमीटर लांब उभं राहा आणि भांडं बरोबर मधोमध ठेवा. मोठ्या वेटोळ्यावर छोटी पातेली तिरकी ठेवली, की जास्त क्षेत्र बाहेर सांडतं.

एक अपवाद मात्र खरा आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर शेगडी आणि पेसमेकर यांच्यात किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवावं, असा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला आहे. बसवणाऱ्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. आमच्या आजीला पेसमेकर आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातली तिची खुर्ची आम्ही दाराजवळ सरकवली. ती अजून कुरकुरते.

आता ज्याबद्दल कुणी विचारतच नाही ते. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर करंट ओढतं. आपल्याकडे पंख्या-टीव्हीला असतं ते छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणजे त्याची मजल १३८० वॅटपर्यंत. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर दुकानात सर्रास मिळतो, आणि खरा घोळ तिथेच होतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. त्यात सॉकेटची पकड ढिली असेल, तर तेवढ्या जागी प्लॅस्टिक वितळायला लागतं. एक्स्टेंशन बोर्डावर तर इंडक्शन लावूच नका. हवं १६ अँपिअरचं सॉकेट, थेट डीबीवरून आणलेली किमान २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही बघून घ्या. गिझर आणि इंडक्शन एकदम चालवलं तर बेरीज कुठे जाते ते कळेल.

मग अर्थिंग. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, की बिघाडाचा करंट जमिनीत जायला वाट मिळत नाही. म्हणून जुनी माणसं त्यात पाणी ओततात, ते उगाच नाही. अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या, स्वतः प्रयोग नकोत. जमलं तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. शॉक बसला तर ती क्षणात लाइट तोडते.

आमच्याकडे वायरमन आला, बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर होती, पण मागे कशालाच जोडलेली नव्हती! किती वर्षं तसं चाललं होतं देव जाणे. मिक्सर, फ्रिज, सगळं त्याच्यावरच.

वापरताना काही गोष्टी. काचेला तडा गेला तर प्लग काढा आणि परत लावू नका. तड्यातून पाणी आत गेलं की शॉकचा धोका असतो. खालून हवा जायला जागा लागते, म्हणून इंडक्शनखाली वर्तमानपत्र किंवा कापड अंथरू नका. बंद केल्यावर पंखा चालू असेपर्यंत प्लग काढू नका. आणि भांडं उचलल्यावर काच थंड वाटली तरी लहान मुलांना हात लावू देऊ नका. भांड्याची उष्णता काचेत उतरलेली असते. तेलही फार पटकन तापतं, कढई ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तर ते चालेल. लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं. भाकरी भाजली जाते, मात्र जाळावर टाकून फुगवता येत नाही. त्यामुळे आईने गॅसही ठेवलाय. ज्वारीची भाकरी गॅसवर, चहा आणि वरण-भात इंडक्शनवर.

तुमच्या घरचं सॉकेट किती अँपिअरचं आहे? त्यावरच लिहिलेलं असतं. बघा आणि कमेंटमध्ये सांगा.