खुर्ची कोणाची, खेळ कोणाचा?

कॅरम आपण सगळ्याच खेळलो आहोत. मे महिन्याच्या सुट्टीत भाचरं जमली की बोर्ड निघतो, पावडर पडते आणि कोणाची सोंगटी कुठं थांबली यावरून घर डोक्यावर घेतलं जातं. आता असं समजा, की बोर्ड बर्फाचा आहे, सुमारे १५० फूट लांब. सोंगटीच्या जागी ग्रॅनाइटचा घोटीव दगड, वर मूठ बसवलेला, वजन जवळजवळ २० किलो. तो सरकवून पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याशी थांबवायचा. ज्या संघाचा दगड मध्याला जास्त जवळ, गुण त्याचे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या खेळाचं नाव कर्लिंग.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पाहिलात तर हसू आल्याशिवाय राहणार नाही. दगड सोडला, की दोघं जण ब्रश घेऊन त्याच्यापुढं बर्फ झाडत सुटतात! पण ते उगीच नव्हे बरं का. घासल्यानं दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे सोडताना झालेली चूक वाटेत थोडीफार सावरता येते.

व्हीलचेअरवरच्या कर्लिंगमध्ये मात्र ही झाडलोट नाही. खुर्ची जागच्या जागी थांबवायची, हवं तर सोबत्यानं ती मागून धरायची, आणि हातानं किंवा लांब काठीनं दगड ढकलायचा. एकदा सुटला की सुटला! या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या सुर्से गावी झाली. २००६ साली इटलीत तुरिनला तो पॅरालिंपिकमध्ये आला. पहिली तीन सुवर्णपदकं कॅनडानं नेली, २०१८ आणि २०२२ ची चीननं. आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, चौघांच्या संघात बायका आणि पुरुष दोन्ही असलेच पाहिजेत, असा नियमच आहे.

आता खरा प्रश्न. व्हीलचेअरवर काय, कोणीही बसू शकतं. मग या खेळात भाग घ्यायचा कोणी?

तुम्ही म्हणाल, यात काय ठरवायचंय? ज्याला चालता येत नाही त्यानं. पण गोष्ट तितकी सोपी नाही. घरातल्या सवयीनंच पाहा ना. पाटावर बसून जड पातेलं पुढं सरकवताना जोर नुसत्या हातांचा नसतो. कंबर, पाठ आणि मांड्याही कामाला लागतात. ज्याचे पाय धड आहेत तो खुर्चीवर बसला, तरी बिनधास्त पुढं वाकेल आणि तोल सावरेल. मणक्याला इजा झालेल्या बाईला ते जमेलच असं नाही. म्हणून नियम असा आहे, की पायांच्या शक्तीवर किंवा चालण्यावर मोठा परिणाम झालेला असला पाहिजे आणि रोजच्या हिंडण्याफिरण्याला सहसा व्हीलचेअर लागली पाहिजे. ज्यांना मुळीच चालता येत नाही, किंवा अगदी थोडंच अंतर चालता येतं, अशांसाठी हा खेळ.

हे ठरवतात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट अशी प्रशिक्षित मंडळी. आधी आजाराचे कागद मागवतात. मग स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत तपासतात, सांधे किती वळतात ते पाहतात, प्रत्यक्ष बर्फावर खेळतानाही बघतात. खेळण्यातलं कौशल्य इथं मोजत नाहीत. कॅनडाचे जिम आर्मस्ट्राँग उभ्यानं खेळायच्या कर्लिंगमध्ये आधीच नावाजलेले होते. पुढं खुर्चीवरून खेळले आणि २०१० साली व्हँकूवरला कप्तान म्हणून सुवर्णपदक मिळवलं. हात कसलेला असला म्हणून कोणी त्यांना अडवलं नाही.

एवढी काटेकोर तपासणी कशाला, असं वाटतं? तर २००० सालची सिडनीची हकिकत ऐका. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेननं सुवर्णपदक जिंकलं, आणि मागून उघडकीला आलं, की १२ पैकी १० खेळाडूंना तसं अपंगत्व नव्हतंच! पदक परत गेलं. पण शिक्षा झाली ती निरपराधांना. बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना पॅरालिंपिकची दारं बंद झाली, ती २०१२ साली लंडनला उघडली.

पण रेघ कडक ओढली, की तिच्या पलीकडं कोणी तरी राहतंच. ब्रिटनचा जॉर्ज बेट्स व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायचा. पायाला सतत असह्य वेदना देणारा आजार त्याला आहे. २०२० साली नियमांची फेरतपासणी झाली आणि तो अपात्र ठरला, कारण नुसती वेदना ठरलेल्या यादीत बसत नाही. खेळता यावं म्हणून पाय कापून घ्यावा का, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. यादी न्यायासाठीच केलेली, तरी एखाद्याला ती कुठं नेऊन सोडते पाहा.

कर्लिंगमध्ये तर ही रेघ एकच आहे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाच्या अपंगत्वाप्रमाणं एक ते साडेचार गुण धरतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळं जास्त अपंगत्व असलेल्यालाही संघात जागा राहते. कर्लिंगमध्ये अशी वाटणी नाही. हातही अधू असलेली बाई आणि फक्त पाय गेलेला दणकट गडी एकाच मापानं खेळतात. आत किंवा बाहेर, एवढंच. म्हणून उंबरठ्यावर कोणाला थांबवायचं याला फार महत्त्व आहे.

आणि ‘थोडंच अंतर चालता येतं’ हे शब्द विसरू नका. मज्जातंतूंच्या काही दुखण्यांत माणूस एखाद्या दिवशी चार पावलं टाकतो, दुसऱ्या दिवशी तेही जमत नाही. प्रेक्षकांत बसलेल्याला मात्र ती चार पावलंच दिसतात. तो लगेच म्हणतो, ‘‘अहो, ही तर चालते की!’’

आपल्याकडंही रेघा आहेतच. २०१६ च्या कायद्यानं अनेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घातली आहे. ते टक्के ठरवणं तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. तिथं कडकपणा हवाच, नाही तर खऱ्या गरजूच्या तोंडचा घास लबाड पळवतो. पण लोकलच्या राखीव डब्यात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये कोणी खुर्चीवरून उठून दोन पावलं चाललं, तर ते काम आपण हाती घेऊ नये. त्या दोन पावलांसाठी तिनं घरी किती तास विश्रांती घेतली असेल, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? त्यापेक्षा पुढं होऊन विचारावं, ‘‘खुर्ची जरा धरू का?’’