प्रयोगशाळेतील जुने नियम

प्रयोगशाळेच्या भिंतीवरील नियमांचा फलक पाहून विद्यार्थ्यांच्या मनात सहज प्रश्न येतो, की विषारी वायू बाहेर ओढून नेणारी कपाटे आणि नवी उपकरणे आल्यावरही ही जुनी सूत्रे कशासाठी घोकावयाची? प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक नियमामागील कारण तपासावे लागते.

‘आम्ल पाण्यात घालावे, आम्लात पाणी घालू नये’ हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. तीव्र गंधकाम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड असते आणि पाण्यात मिसळताना त्यातून मोठी उष्णता बाहेर पडते. आम्लावर पाणी ओतल्यास हलके पाणी वरच राहून तेथेच उकळते व आम्लाचे शिंतोडे अंगावर उडतात. याउलट पुष्कळशा पाण्यात आम्लाची बारीक धार ढवळीत सोडल्यास ती उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. पदार्थांचा हा स्वभाव बदललेला नाही. तेव्हा नियमही बदलण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेत काहीही चाखू नये, हाही जुनाच दंडक. १८७९ साली अमेरिकेत फालबर्ग यांच्या हाताला लागलेला पदार्थ जेवताना गोड लागला आणि सॅकरिनचा शोध लागला, हा दाखला पुष्कळदा या दंडकाविरुद्ध दिला जातो. परंतु त्या हाताला विष लागले असते, तर शोध सांगावयास शोधकच उरला नसता.

काही नियम मात्र काळाबरोबर अधिक कडक करावे लागले. तोंडाने पिपेट ओढण्याची रीत पूर्वी विद्यार्थ्यांना शिकविली जाई. हल्ली तिला सक्त मनाई आहे. १९९६ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या रबरी हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब सांडले. हातमोजे घालण्याचा नियम त्यांनी पाळला होता. तथापि ते संयुग काही सेकंदांतच रबरातून आरपार जाते, हे त्या वेळी सर्वत्र ठाऊक नव्हते. १९९७ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अशा संयुगांसाठी निराळ्या, अनेक थरांच्या हातमोज्यांची शिफारस होऊ लागली.

हात झाकावा, हे सूत्र जुनेच राहिले. तो कशाने झाकावा, हे मात्र नव्याने ठरवावे लागले. म्हणून भिंतीवरील फलक जीर्ण झाला असेल, तर खुशाल नवा लावावा. आणि त्यावरील प्रत्येक नियमापुढे त्याचे कारणही लिहावे.