फज जमतो तो थंड होताना

लोणावळ्याहून परतताना चिक्कीबरोबर चॉकलेट फजचं एखादं खोकं पिशवीत पडतंच. पण या पदार्थाचं बालपण गेलं ते अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजांत. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजात शिकणाऱ्या एमेलिन हार्ट्रिजने १८८८ साली कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो फज केला होता. तिने पुढे एका पत्रात तसं लिहून ठेवलं आहे. साखर, क्रीम, लोणी आणि चॉकलेट, एवढंच त्यात पडायचं.

घरी करायचा तर ४०० ग्रॅम साखर, १८० मिली दूध, ६० ग्रॅम कडू चॉकलेट, चमचाभर लिक्विड ग्लुकोज आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्या. उकळी आली की ढवळणं बंद. पाक ११४ अंश सेल्सिअसला पोचला की गॅस बंद करा. थर्मामीटर नसेल तर वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाका. बोटांनी गोळा करता आला आणि उचलल्यावर मऊ चपटला, की झालं. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तिथे ११२ पुरे, महाबळेश्वरला ११०.

खरी परीक्षा इथून पुढे. वर ६० ग्रॅम बटर आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घालून पातेलं बाजूला ठेवा आणि ४५ अंशांपर्यंत, म्हणजे बुडाला हात सहज टेकेल इतकं निवेपर्यंत, त्याला अजिबात हात लावू नका. या पाकात मावेल त्याहून जास्त साखर कोंडलेली असते आणि बाहेर पडायला ती निमित्तच शोधत असते. गरम असताना ढवळलं तर मोजकेच स्फटिक तयार होतात, ते सावकाश मोठे होतात आणि फज दाताखाली कचकचतो. निवल्यावर घोटलं तर असंख्य बारीक स्फटिक एकदमच तयार होतात, जिभेला जाणवतही नाहीत. ग्लुकोज त्यांना वाढू देत नाही.

मग लाकडी डावाने घोटत राहा. हात भरून येतो, पण थांबू नका. आधी आरशासारखी चमकणारी कड हळूहळू मंद होते, डाव जड लागतो, मिश्रण ओघळायचं थांबतं. चमक गेली की लगेच तूप लावलेल्या ताटात थापा. मिनिटभर उशीर झाला तरी ते पातेल्यातच आळतं. अक्रोड घालायचे तर थापण्याआधी.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून दहा मिनिटांत होणारी वडी चवीला छान लागते, मुलांना आवडतेही. पण ती घट्ट होते चॉकलेटमधल्या कोको बटरमुळे. साखरेच्या स्फटिकांचा तो ठिसूळ मऊपणा तिला येत नाही. मला तरी ती फज वाटत नाही.

रवाळ झालेला फज टाकून देऊ नका. पाव कप पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा, पुन्हा त्याच तापमानाला न्या आणि या वेळी निवेपर्यंत थांबा.