बाळाच्या गादीला ‘ऑरगॅनिक’ शिक्का हवाच का?

बाळ येणार म्हटले की खरेदीची यादी तयार होते. हल्ली या यादीत ‘ऑरगॅनिक’ गादीही असते. तिची किंमत साध्या गादीच्या कित्येक पट. ती परवडली नाही, तर आपण बाळासाठी काही कमी करतो आहोत, अशी रुखरुख आईवडिलांना लागते. तिचे कारण नाही.

‘ऑरगॅनिक’ हा शब्द मुख्यतः कापूस कसा पिकवला याविषयी आहे. ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रानुसार हा शिक्का मिळण्यासाठी किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. प्रक्रियेतील रसायनांवरही बंधने असतात. पण गादी टणक आहे का आणि दमट हवेत ती कोरडी राहील का, हे तो शिक्का सांगत नाही. रत्नागिरीत महत्त्वाचे प्रश्न हेच दोन आहेत.

पहिला टणकपणाचा. तान्ह्या बाळाला मान वळवून नाक मोकळे करता येत नाही. मऊ गादीत तोंड रुतले तर श्वास कोंडतो. तळहाताने गादी दाबून हात उचलावा. खळगा राहिला तर ती बाळासाठी नको. पहिले वर्षभर उशी नको, डोक्याला आकार यावा म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही नको. बाळाला उताणेच झोपवावे. अमेरिकेत १९९४ साली यासाठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

मग अंथरायचे काय? आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची, घट्ट टाके घातलेली गोधडी सतरंजीवर अंथरली की उत्तम अंथरूण होते. ती घरी धुता येते, हे तिचे मोठे गुण. गादीच हवी असेल, तर स्वच्छ कापूस पिंजून, दाबून भरलेली पातळ गादी करून घ्यावी. जुनी गादी पिंजताना धूळ उडते, तेव्हा बाळाला दूर ठेवावे. काथ्याची गादीही टणक असते, मात्र तिला ओल लागू देऊ नये. जमिनीवर अंथरूण असेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचावी. कोकणात डासांबरोबर विंचवाचेही भय असते.

दुसरा प्रश्न ओलीचा. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत गादीत बुरशी धरते आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. त्यांच्या विष्ठेमुळे काही मुलांना शिंका, दमा, खाज यांचा त्रास होतो. ऑरगॅनिक कापसालाही ते वर्ज्य नसतात. मे महिन्यात अंगणात गाद्या उन्हात घालण्याची कोकणातली रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. कडक उन्हाने किडे मरतात, विष्ठा मात्र उरते. म्हणून गादी नंतर झटकावी आणि खोळ गरम पाण्यात धुवावी. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा हेच करावे. बाळाखाली रबरी कापड आणि त्यावर सुती दुपटे घातले की गादी लघवीने भिजत नाही.

एक धोका मात्र स्वस्तातला आहे: डांबरगोळ्या. पावसाळ्यात कपाटात, ट्रंकेत त्या सर्रास ठेवतात. जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांत त्यांच्या वाफेने लाल रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. हा दोष बाळात आहे की नाही, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. म्हणून बाळाच्या कपड्यांत, अंथरुणात या गोळ्या ठेवूच नयेत. ठेवल्या असतील, तर ते कपडे धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावेत.

बाळाची त्वचा किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ते दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मोठ्या मुलाला रोज सकाळी उठताच शिंका आणि रात्री खोकला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्याची गादीही एकदा उलटून पाहावी.