कॉपी डिस्कची, दमछाक प्रोसेसरची

मंडळी, मागच्या भागात काकांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचा किस्सा अर्धवट राहिला होता. विंडोज एक्सपी, आणि सगळं बिलिंग त्याच्यावरच. साधी फाइल कॉपी केली तरी माउस अडखळायचा. टास्क मॅनेजरमध्ये मात्र एकही प्रोग्रॅम दोषी दिसेना! मग प्रोसेस एक्सप्लोरर उघडलं. तिथे 'इंटरप्ट्स'ची ओळच प्रोसेसर खात होती.

इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक. डीएमए मोडमध्ये कंट्रोलर डेटा स्वतः मेमरीत टाकतो आणि काम झालं की हाक मारतो. पीआयओ मोडमध्ये प्रत्येक तुकडा प्रोसेसरलाच उचलावा लागतो. एक्सपीची खोड अशी, की ट्रान्सफरमध्ये ६ एरर साठले की ड्रायव्हर एक पायरी खाली उतरतो. असं करत करत पीआयओवर येतो आणि आपणहून परत वर चढत नाही.

आधी बिलांचा बॅकअप घेतला, कारण डिस्क मरायला टेकली तरी असे एरर येतात. मग केबल बदलली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट मारला. विंडोजने चॅनल नव्याने ओळखला, डीएमए परत! जुनी केबल तशीच ठेवली असती, तर एरर पुन्हा मोजले गेले असते आणि काकांचा फोनही पुन्हा आला असता.