दादाला कोठडी नको, डॉक्टर हवा होता

दादाच्या उशीखाली आईला काळी पडलेली पन्नी सापडली, तेव्हा गर्द (ब्राउन शुगर) म्हणजे काय हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. दोनच दिवसांत कळलं. डोस चुकला की त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, जांभया थांबत नसत, गुडघे पोटाशी घेऊन तो रात्रभर कण्हायचा. मामा म्हणाले, "चार दिवस आत राहिला की सरळ होईल." राहिलाही. सुटला त्याच संध्याकाळी पुन्हा पन्नी.

तेव्हा पटलं, हा माज नव्हे, आजार आहे. सरावलेल्या शरीराचं गर्दाशिवाय चालेनासं होतं. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ती तलफ आवरते. सोबत समुपदेशन आणि घरच्यांचा धीर लागतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं, ते याच समजुतीवर.

कायद्यातही वाट आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. विकणाऱ्याला जरूर पकडा. पण आजाऱ्याला दवाखान्यात न्या.

दादा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला बेड्या घालत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर लपवू नका. १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर आजच फोन करा.